‘सायलेंट नाइट’चे ग्रुबर मास्तर



नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत आपला गायकवृंद ‘सायलेंट नाइट’ सुरू करतो तेव्हा देवळात काय होते, ते मी वेदीवरून दरवर्षी पाहतो. मागे खुर्च्या सरकवणारे थांबतात. आईच्या मांडीवर पेंगुळलेले मूल डोळे उघडते. एरवी गाण्याच्या वेळी तोंड न उघडणारे आपले बुजुर्गही ओठ हलवू लागतात. मराठीत म्हटले काय किंवा इंग्रजीत म्हटले काय, सारखेच. एका वर्षी मिस्सा आटोपल्यावर वेदीसेवक मुलांपैकी एकाने मला विचारले की फादर, हे गाणे कोणी केले? एका धर्मगुरूने, असे मी जरा ऐटीतच सांगून टाकले. त्यावर त्याने विचारले, आणि चाल? तेव्हा मला नाव आठवेना. त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर आज या पानावर देत आहे. चाल एका शाळामास्तरांची आहे. त्यांचे नाव फ्रान्झ झेवियर ग्रुबर.

यातला झेवियर आपल्या ओळखीचा. जुन्या गोव्यात ज्यांचे शरीर जतन केले आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे हे नाव. फ्रान्सिसचे जर्मन भाषेत फ्रान्झ होते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मात्र या बाळाचे नाव कॉनराड झेवियर असे लिहिलेले आहे, फ्रान्झ हे नंतर आले. जन्म २५ नोव्हेंबर १७८७ चा, ऑस्ट्रियातील होखबुर्ग या धर्मग्रामातील एका वाडीवर. आईवडील लिननचे कापड विणणारे गरीब विणकर. घरात माग, हाताला काम, आणि मुलगा मोठा झाला की त्यानेही मागावर बसायचे, हे ठरलेले.

फ्रान्झला मात्र संगीताचा नाद लागला. गावच्या शाळेत पेटरलेखनर नावाचे शिक्षक होते, तेच चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. त्यांनी या पोराचा कान ओळखला आणि त्याला शिकवायला सुरुवात केली. वडिलांना ते पसंत नव्हते. संगीताने पोट भरत नाही, हे त्यांचे म्हणणे काही अगदी खोटे नव्हते. असे सांगतात की मुलगा घरातल्या लाकडी भिंतीच्या फटींत लाकडाचे तुकडे खोचून त्यांवर बोटांचा सराव करायचा. आवाज नाही, सूर नाही, नुसती बोटे. पुढे तो बारा वर्षांचा असताना मास्तर आजारी पडले आणि मिस्सेला ऑर्गन वाजवायला कोणी नव्हते. फ्रान्झ ऑर्गनपाशी बसला आणि त्याने सगळी मिस्सा निभावून नेली. त्यानंतर वडिलांचा विरोध मावळला. या घरगुती आठवणी आहेत. थोड्याफार रंगल्याही असतील. पण वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत त्याने मागावर काम केले हे खरे. म्हणजे दिवसभर धोटा आणि उरलेल्या वेळात सूर.

नंतर बुर्गहाउझेन येथील ऑर्गनवादक हार्टडोबलर यांच्याकडे तो शिकला, शिक्षकाची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि १८०७ साली आर्न्सडॉर्फ या छोट्या गावी शिक्षक म्हणून रुजू झाला. इथून पुढे आपण त्यांना ग्रुबर मास्तर म्हणू या.

त्या काळच्या खेड्यातील मास्तर म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. आर्न्सडॉर्फला मरियामातेचे यात्रास्थान आहे. शाळामास्तर हाच तिथला सॅक्रिस्टन आणि हाच ऑर्गनवादक. पहाटे घंटा वाजवायची, वेदीवरच्या मेणबत्त्या पेटवायच्या, धर्मगुरूंची वस्त्रे काढून ठेवायची, मिस्सेला ऑर्गन वाजवायचा आणि गायचे, मग मुलांना अक्षरे आणि आकडे शिकवायचे. कोणी गेले की पुन्हा घंटा, पुन्हा गाणे. लग्न असले तरी तेच. पगार तुटपुंजा, त्यामुळे एकाला दुसऱ्याची जोड हवीच. राहायचे शाळेच्याच इमारतीत.

हे वाचताना मला आमच्या गावचे मास्तर आठवले. ते रविवारी पहिल्या मिस्सेला पेटीवर असायचे, आणि सोमवारी वर्गात आमचे पाढे घ्यायचे. आदल्या दिवशी देवळात बेसूर गाणाऱ्याला सोमवारी एक पाढा जास्त म्हणावा लागे! तुमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्यांच्या डोळ्यांपुढेही असे कोणीतरी आले असेल. आपल्या गावांत शाळा आणि देऊळ यांच्यामध्ये अशीच माणसे ये-जा करीत असत.

रुजू झाले त्याच वर्षी ग्रुबर मास्तरांनी लग्न केले, ते आधीच्या शिक्षकाच्या विधवेशी, मारिया एलिझाबेथ यांच्याशी. म्हणजे नव्या मास्तरांबरोबर तिचे शाळेतले घरही तिच्याकडेच राहिले. त्यांना दोन मुले झाली. दोन्ही लहानपणीच गेली.

आर्न्सडॉर्फपासून तासाभराच्या आत चालत पोहोचता येईल, अशा अंतरावर ओबर्नडॉर्फ हे गाव आहे. साल्झाख नदीच्या काठी होडीवाल्यांची वस्ती. वरच्या अंगाला हालाइन येथे डोंगरातून मीठ निघे आणि ते मीठ नदीतून खाली नेण्यावर हे गाव जगे. मिठागरांत राबलेल्या घरांतून आलेल्या आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको की मिठाचा धंदा थांबला तर किती चुली थंडावतात. ओबर्नडॉर्फच्या नशिबी तेच आले होते. नेपोलियनच्या लढायांनी साल्झबुर्गचा मुलूख पिळून निघाला होता. पूर्वी ओबर्नडॉर्फ हा पलीकडच्या काठावरील लाउफेन शहराचाच भाग. १८१६ साली साल्झबुर्ग ऑस्ट्रियाकडे गेले आणि नदी ही दोन देशांची सीमा ठरली. मुख्य शहर आणि मोठे चर्च पलीकडे बव्हेरियात राहिले. अलीकडच्या लोकांना संत निकोलस यांच्या लहान चर्चसह स्वतंत्र धर्मग्राम करून देण्यात आला. त्यात त्या वर्षी उन्हाळाच आला नाही. १८१५ साली इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता, त्याची राख वातावरणात पसरून युरोपात थंडी आणि पाऊस लांबला, पिके बुडाली, धान्य महागले.

अशा दिवसांत, १८१६ पासून, ग्रुबर मास्तर ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्येही ऑर्गन वाजवू लागले. आपली शाळा, आपले देऊळ सांभाळून ही वरची पायपीट. आणि तिथे १८१७ साली एक तरुण साहाय्यक धर्मगुरू आले. त्यांचे नाव योसेफ मोर.

फादर मोर यांची कथा स्वतंत्र लेखाची आहे, पण दोन ओळी सांगतोच. ते एका विणकाम करणाऱ्या अविवाहित स्त्रीचे मूल. वडील सैनिक, ते सोडून गेलेले. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून नाव लागले ते शहरातल्या फाशी देणाऱ्या माणसाचे. अशा जन्मामुळे धर्मगुरू होण्यासाठी त्यांना खास परवानगी काढावी लागली होती. आवाज गोड, गिटार वाजवायचे, होडीवाल्यांत मिसळायचे. त्यांच्या वरिष्ठ धर्मगुरूंना ते रुचेना आणि त्यांनी वरपर्यंत तक्रार केली. (मी दोन्ही खुर्च्यांवर बसलेलो आहे, साहाय्यकाच्याही आणि प्रमुखाच्याही, म्हणून या भांडणात कोणाची बाजू घेत नाही.)

२४ डिसेंबर १८१८. फादर मोर यांनी आपली एक कविता ग्रुबर मास्तरांच्या हाती दिली. ती ताजी नव्हती. दोन वर्षांपूर्वी, मारियाफार या डोंगराळ गावी साहाय्यक असताना त्यांनी ती लिहिलेली होती, म्हणजे त्या लढाईनंतरच्या भुकेल्या वर्षात. तिची सहा कडवी आहेत. आज आपण साधारणपणे तीनच म्हणतो. न म्हटल्या जाणाऱ्या एका कडव्यात येशू भावाप्रमाणे जगातील सर्व राष्ट्रांना कवटाळतो असे चित्र आहे. दोन तुकड्यांत कापलेल्या गावात ते कडवे कसे वाटले असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

फादरांची विनंती अशी होती की दोन एकेरी आवाज, मागे गायकवृंद आणि साथीला गिटार, याला शोभेल अशी चाल लावावी. मास्तरांनी त्याच दिवशी चाल लावली आणि संध्याकाळी फादरांच्या हाती आणून दिली. त्या पवित्र रात्री संत निकोलस चर्चमध्ये दोघे गायले. फादर मोर वरच्या पट्टीत, हातात गिटार. मास्तर खालच्या पट्टीत. प्रत्येक कडव्याच्या शेवटी गायकवृंद शेवटच्या ओळी उचलून धरी. लोकांना गीत आवडले. बस्स, एवढेच घडले.

चाल पाहा किती साधी आहे. सहा मात्रांचा झुलता ठेका, पाळणा हलवावा तसा. गायनाचे शिक्षण नसलेल्यालाही दोनदा ऐकल्यावर म्हणता येते. मला वाटते, ही शाळामास्तरांची चाल आहे. रोज लहान मुलांकडून गाऊन घेणाऱ्याला कुठला सूर पोरांना चढत नाही आणि कुठे श्वास तुटतो, हे नेमके माहीत असते. मोठ्या शहरातील मोठ्या संगीतकाराला असली चाल कदाचित सुचली नसती, सुचली तरी त्याने ती फार सोपी म्हणून टाकून दिली असती.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला, ऑर्गन बंद पडला, म्हणून ऐन वेळी गिटारवर गीत रचावे लागले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. माझ्याकडूनच ऐकली असेल, कारण नाताळच्या प्रवचनात मी ती सांगितलेली आहे आणि मुले उंदरावर खूश होतात. पण मास्तरांनी स्वतः लिहून ठेवलेल्या हकिगतीत उंदीर नाही आणि बिघडलेला ऑर्गनही नाही. ती गोष्ट मागाहून जोडली गेली. तेव्हा उंदीर मी परत घेतो.

१८१९ साली फादर मोर यांची बदली झाली. मास्तर आपल्या शाळेत परतले. गीत मात्र निघून गेले. कार्ल माउराखर या नावाचे एक ऑर्गन बांधणारे कारागीर तिरोल प्रांतातील झिलर खोऱ्यातले. त्यांच्यामार्फत ते त्या खोऱ्यात पोहोचले असे मानले जाते. तिथली श्ट्रासर आणि राइनर ही घराणी गावोगाव फिरून गाणी म्हणत. श्ट्रासर कुटुंबाने ते १८३० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत लाइपझिगला गायले, लवकरच ते तिरोलचे लोकगीत म्हणून छापले गेले. राइनर मंडळींनी १८३९ साली ते न्यूयॉर्कमध्ये गायले. छापील कागदावर ना मोर यांचे नाव, ना ग्रुबर यांचे. चाल इतकी चांगली, तेव्हा ती हायडनची असेल, मोझार्टची असेल, बेथोवेनची असेल, असे जाणकार म्हणू लागले.

आणि मास्तर? ते मृत मुलांच्या नोंदी पाहत होते. हे मी कठोरपणे लिहीत नाही, पण त्यांची पुढची वर्षे तशीच आहेत. १८२५ साली पहिली पत्नी वारली. पुढच्या वर्षी त्यांनी मारिया ब्राइटफुस या आपल्या पूर्वीच्या विद्यार्थिनीशी लग्न केले. त्यांना दहा मुले झाली, त्यांतील चारच मोठी झाली. १८४१ साली मारियाही बाळंतपणात गेली. बारा मुलांच्या या बापाने किती लहान शवपेट्या उचलल्या, ते तुम्हीच मोजा. त्यातही सॅक्रिस्टन म्हणून घंटा वाजवणे आणि ऑर्गनवर बसणे हे त्यांचेच काम. दुसऱ्यांच्या मुलांसाठी ज्याने इतकी वर्षे हे केले, त्याला स्वतःच्या मुलांच्या वेळी काय वाटले असेल? याचे उत्तर त्यांनी कुठे लिहून ठेवलेले नाही. पुढल्या रविवारी ते पुन्हा ऑर्गनवर होते. १८४२ साली त्यांनी तिसरे लग्न केले. काटारिना या मारियाच्याच मैत्रीण होत्या, त्यांनी पोरक्या मुलांना आई दिली.

दरम्यान १८२९ साली ते आर्न्सडॉर्फ सोडून बेर्नडॉर्फला शिक्षक म्हणून गेले होते आणि १८३५ साली हालाइन येथे आले. हे तेच मिठाचे हालाइन. इथे त्यांना गायकवृंदाचे प्रमुख आणि ऑर्गनवादक म्हणून जागा मिळाली. अखेर केवळ संगीत, जे बापाला मान्य नव्हते ते! मिस्सा, स्तोत्रे, अंत्यविधीची गीते असे पुष्कळ त्यांनी रचले. त्यातले आज फारसे कोणी गात नाही.

फादर मोर यांचा ४ डिसेंबर १८४८ रोजी वाग्राइन येथे मृत्यू झाला. तिथे त्यांनी मुलांसाठी शाळा उभारली होती. मागे पैसा ठेवला नाही. त्यांचे एकही चित्र कोणी काढलेले नव्हते. पुढे पुतळा करायचा ठरला तेव्हा शिल्पकाराला आधार म्हणून त्यांची कवटी उकरून काढावी लागली!

आता १८५४. प्रशियाचा राजा चौथा फ्रेडरिक विल्हेल्म याला हे गीत फार प्रिय होते. बर्लिनच्या राजदरबारातील संगीत विभागाने साल्झबुर्गच्या संत पीटर मठाकडे पत्र पाठवून चौकशी केली, की मिखाएल हायडन यांच्या या गीताची मूळ प्रत तुमच्याकडे आहे काय? योगायोग असा की मास्तरांचा मुलगा फेलिक्स त्याच मठात गायकवृंदातील मुलगा होता. त्याच्याकडून ही चौकशी वडिलांपर्यंत पोहोचली.

म्हणजे पाहा, छत्तीस वर्षे झाली होती. मास्तर सदुसष्ट वर्षांचे. गीत समुद्रापार गेलेले, राजवाड्यात पोहोचलेले, आणि दुसऱ्याच्या नावावर. ३० डिसेंबर १८५४ रोजी त्यांनी हालाइनहून एक छोटा कागद लिहून पाठवला. तो मी भाषांतरातून वाचला आहे. त्यात तक्रार नाही. माझ्यावर अन्याय झाला, असे कुठे नाही. मोबदल्याची मागणी नाही. तारीख, गाव, चर्च. कविता फादर मोर यांची, हे आधी. मग आपले नाव, तेही तृतीय पुरुषात, आर्न्सडॉर्फचा शिक्षक असलेला ऑर्गनवादक म्हणून. गीत एका झिलर खोऱ्यातील माणसाकडून तिरोलात गेले, लाइपझिगच्या संग्रहात थोडे बदलून छापले गेले, म्हणून मूळ स्वरलेखन सोबत जोडत आहे, एवढे म्हणून संपवले. सूर बदलले होते, ते त्यांनी मुलांची वही तपासावी तसे दुरुस्त करून दिले.

या कागदाच्या शीर्षकात त्यांनी जो जर्मन शब्द वापरला त्याचा अर्थ होतो निमित्त. हे गीत रचण्याचे खरे निमित्त. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कारण वेगळे आणि निमित्त वेगळे, हे आमच्याकडून घोटून घेतले जायचे. परीक्षेत मी ते व्यवस्थित लिहिले, गुणही मिळाले. पण आपण निर्माण केलेल्या गोष्टीविषयी लिहिताना माणूस सहसा स्वतःला कारण म्हणवून घेतो. या मास्तरांनी निमित्तच लिहिले. ती नम्रता होती की साधा प्रामाणिकपणा? खोटी नम्रता असती तर त्यांनी गप्प बसणे पसंत केले असते. त्यांनी गप्प न बसता आपले नाव लिहिले, कारण ते खरे होते, आणि मित्राचे आपल्या आधी लिहिले, कारण तेही खरे होते. माझ्यापुरते सांगायचे तर मला हा कागद त्या चालीइतकाच आवडतो.

या कागदाने सगळ्यांची लगेच खात्री पटली असेही नाही. शंका घेणारे पुढेही राहिले. १९९५ साली फादर मोर यांच्या हस्ताक्षरातील एक जुनी प्रत सापडली. तिच्यावर त्यांनी चाल फ्रान्झ झेवियर ग्रुबर यांची आणि शब्द आपले, १८१६ सालचे, असे लिहून ठेवले होते. दोन मित्रांनी एकमेकांची नावे अशी सांभाळून ठेवली होती.

ग्रुबर मास्तर ७ जून १८६३ रोजी हालाइन येथे वारले. वय पंचाहत्तर. ओबर्नडॉर्फचे संत निकोलस चर्च पुराने खिळखिळे झाले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडण्यात आले. त्या जागी आता एक लहान स्मारक चॅपल आहे, १९३७ साली त्याचे आशीर्वचन झाले. आर्न्सडॉर्फची शाळा अजून उभी आहे, मास्तर जिथे राहत त्या वरच्या मजल्यावर त्यांचे संग्रहालय आहे. हालाइनला चर्चसमोर त्यांचे घर आहे आणि त्या घराच्या दारापुढेच त्यांची कबर. भोवतालची दफनभूमी पुढे हटवली गेली, ही एक कबर तेवढी ठेवली. फादर मोर यांची गिटार त्या घरातल्या संग्रहालयात आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी लोक त्या कबरीपाशी जमतात आणि ती चाल गातात, मूळ होती तशी, दोन आवाज आणि गिटार.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू